गुत्ता आणि गादी

पुण्याकडे ज्यास कंत्राटदार किंवा ठेकेदार म्हणतात, त्यास बीड जिल्ह्यांत आजहि ‘गुत्तेदार’ म्हणतात. शब्द मूळचा तेलुगूंतला. निजामाच्या राज्याबरोबर तो मराठवाड्यांत रुजला. आज गुत्ता म्हणजे रस्त्याचें, तलावाचें किंवा शाळेच्या खोलीचें काम. परंतु एके काळीं खुद्द सरकारी वसुलीच गुत्त्यानें दिली जात असे. ज्यानें अधिक बोली बोलावी किंवा दरबारास अधिक कर्ज द्यावें, त्याच्या पदरांत तालुके पडत. रयतेवर अंमल चालविणारा आणि त्या अंमलावर नफा मिळविणारा मनुष्य एकच असे. बीडची रयत या राज्याखालींच नांदत होती.

या व्यवस्थेचें टोंक पामर आणि कंपनीच्या प्रकरणांत दिसून आलें. हैदराबादेंतील ही पेढी निजाम सरकारास जबर व्याजानें कर्ज देई, औरंगाबाद व वऱ्हाडकडील फौजेचा पगार भागवी, आणि त्याच्या फेडीसाठीं मुलुखाचा वसूल लावून घेई. युरोपीय लोकांनीं देशी संस्थानिकांस परवानगीवांचून कर्ज देऊं नये, असा विलायतेंतील कायदा १७९७ पासून होता. तरीहि १८१६ त गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यानें पेढीस तशी परवानगी दिली. पेढीचा एक भागीदार सर विल्यम रंबोल्ड. त्याची पत्नी हेस्टिंग्जच्या पालकत्वाखालीं वाढलेली होती. १८२० त चार्ल्स मेटकाफ हा रेसिडेंट म्हणून आला आणि त्यानें हिशेब मागण्यास आरंभ केला. तेव्हां साठ लाखांच्या नव्या म्हणविल्या जाणाऱ्या कर्जांतील मोठा भाग जुन्याच देण्याची बेरीज असल्याचें दिसून आलें; रेसिडेन्सींतील कांहीं अधिकाऱ्यांचा पेढीशीं पैशाचा संबंध असल्याचेंहि उघडकीस आलें. अखेर कर्ज फिटलें तें उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीकडून दरसाल मिळणाऱ्या ७ लाखांच्या पेशकशीवर निजामानें पाणी सोडलें तेव्हां.

या हकीगतींतील मर्म आम्हांस असें वाटतें कीं, येथें नियमाचा अभाव नव्हता. नियम होता, नात्यानें त्यास दार पाडलें. आणि तें दार दिसलें तें कोणी नवा कायदा केला म्हणून नव्हे, तर कोणी वही उघडली म्हणून.

१८५३ त दिवाण झालेल्या सालारजंगानें हा रोग ओळखला. सावकारांकडे गुंतलेले तालुके त्यानें सोडविले आणि १८६५ त जिल्हाबंदी करून वसुलीवर पगारी अधिकारी नेमले. ज्यानें पैसा गोळा करावयाचा, त्याचा त्या पैशांत वांटा असूं नये, हेंच त्या सुधारणेचें सूत्र होय.

१९४८ त निजामी राजवट संपली. १९५६ त मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० त महाराष्ट्रांत. १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि खरेदीची गादी लोकांच्या प्रतिनिधींकडे आली. त्या गादीभोंवतीं कायद्यानें कुंपणहि घातलें. परिषदेच्या कामांत अथवा करारांत ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा आडवळणानें हिस्सा असेल, तो सदस्य राहण्यास अपात्र होय, असें १९६१ चा कायदा सांगतो. १९५८ चा ग्रामपंचायतीचा कायदाहि तेंच सांगतो. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यांत हेंच तत्त्व आहे, आणि विलायतेंत तें १८३५ पासून नगरपालिकांस लागू झालें होतें.

मग उणें कोठें पडतें? कायदा ‘भागीदार’ ओळखतो. गांव भाऊबंद, सोयरा आणि मेहुणा ओळखतो. बिलावर नांव एकाचें, बैठकींत हात वर होतो दुसऱ्याचा, आणि चूल मात्र एकच. त्यांतून बीडसारखा अवर्षणाचा जिल्हा! येथें खरेदी बहुधा घाईनें होते. टँकर आज हवा असतो, चारा आज हवा असतो. २०१८-१९ च्या दुष्काळांत या जिल्ह्यांत शेंकडों चारा-छावण्या उघडाव्या लागल्या. अनुदान दर जनावरामागें दर दिवशीं. अशा व्यवस्थेंत सर्व भिस्त मोजणीवर असते. मोजणारा आणि ज्याचें मोजावयाचें तो आंतून एक असतील, तर कागदावरची गाय चारा खाते आणि दावणीची उपाशी राहते.

प्रत्येक नात्यास गुन्हा मानावें, असें आम्ही म्हणत नाहीं. लहान गांवांत सोयरा नसलेला गुत्तेदार शोधूं गेल्यास कामच होणार नाहीं. परंतु नातें असणें वेगळें आणि तें झांकणें वेगळें. ज्याचा संबंध आहे, त्यानें दर ठरण्यापूर्वींच तो बैठकींत सांगावा, त्याची नोंद व्हावी, आणि निर्णय होईपर्यंत त्यानें उठून बाहेर जावें. मागाहून चौकशी होते ती पैसा गेल्यावर. आधीं उच्चारलेला एक शब्द पैसा वांचवितो. आणि ती वही ग्रामसभेपुढें मोकळी असावी. मेटकाफसारखा एखादा अधिकारी येण्याची वाट पाहण्याचें मग कारण उरणार नाहीं.

सालारजंगानें वसुलीचा गुत्ता मोडला. खर्चाचा गुत्ता गादीपासून दूर ठेवणें हें आतां ज्यांचा पैसा आहे त्यांचेंच काम आहे.