शुक्रवार की मंगळवार? मनगटी घड्याळ, जुलियस सीझर आणि शिवजन्माचा वार

१/ मोबाइलच्या दिनदर्शिकेत १९ फेब्रुवारी १६३० शोधल्यास तेथे मंगळवार दिसतो. जेधे शकावली मात्र शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी देते आणि वार शुक्रवार सांगते. मग शकावली चुकली की तारीख? दोन्ही बरोबर आहेत. गोंधळ कोठे आहे हे समजून घ्यायचे, तर एका अत्यंत महागड्या मनगटी घड्याळाचे पोट उघडून पाहावे लागेल.

२/ या घड्याळांना 'पर्पेच्युअल कॅलेंडर' म्हणतात. विजेरी नाही, विजेचा स्पर्शही नाही. केवळ कमानीच्या ताणावर चालणारी चाके वार, तारीख आणि महिना दाखवतात. ३० दिवसांचा महिना संपला की तारीख आपोआप १ वर येते, आणि फेब्रुवारी २८ चा की २९ चा हेही घड्याळाला ठाऊक असते. पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या पेढीने असे पहिले मनगटी घड्याळ १९२५ साली सिद्ध केले. त्यातील यंत्र १८९८ मध्ये स्त्रियांच्या गळ्यातील घड्याळासाठी घडवलेले होते. आज अशा घड्याळाची किंमत अनेक लाखांच्या घरात जाते.

३/ यंत्राची 'स्मृती' म्हणजे बहुधा ४८ महिन्यांची एक खाचांची तबकडी. महिना जितका लहान, तितकी त्याची खाच खोल. एक छोटी तरफ त्या खाचेत उतरते आणि महिनाअखेरीस किती दिवस ओलांडायचे ते ठरवते. तबकडीची एक फेरी चार वर्षांत, म्हणजे १,४६१ दिवसांत पूर्ण होते. त्यानंतर पुन्हा तेच चक्र.

४/ मेख इथेच आहे. दर चार वर्षांनी न चुकता लीप वर्ष, हा नियम आपल्या चालू कालगणनेचा नव्हे. तो जुलियस सीझरचा. चालू नियमानुसार ४०० ने भाग न जाणारे शतकवर्ष लीप नसते. म्हणून २१०० साली २८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च येईल, पण ही घड्याळे २९ फेब्रुवारी दाखवतील आणि ती हाताने पुढे करावी लागतील. 'चिरंतन' म्हणवणारे हे यंत्र वस्तुतः पितळ-पोलादात कोरलेले जुलियन पंचांग आहे. १९०० आणि २१०० यांच्या दरम्यान दोन्ही पद्धती समांतर चालतात, म्हणून त्याचे बिंग फुटत नाही.

५/ जुलियन वर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठे. शतकानुशतके साचलेला हा फरक काढण्यासाठी पोप ग्रेगरी तेराव्याने १५८२ मध्ये दहा दिवस गाळले. गुरुवार, ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार, १५ ऑक्टोबर उजाडला. तारखा उडाल्या, वारांची साखळी मात्र अखंड राहिली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढचा सारा उलगडा तिच्यावरच अवलंबून आहे.

६/ पोर्तुगालने ही सुधारणा तत्काळ स्वीकारली. प्रॉटेस्टंट इंग्लंडने पोपचे ऐकले नाही, ते १७५२ पर्यंत. परिणामी शिवकाळात पोर्तुगीज आणि इंग्रज कागदांत एकाच दिवसाच्या दोन तारखा आढळतात. राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ हा दिवस इंग्रजांच्या लेखी ६ जून १६७४, तर पोर्तुगीजांच्या लेखी १६ जून.

७/ आपल्या इतिहासकारांनी तिथींचे रूपांतर करताना इंग्रजी साधनांशी मेळ राहावा म्हणून बहुधा जुलियन तारखाच वापरल्या. १९ फेब्रुवारी १६३० हीदेखील जुलियन तारीख. तिची ग्रेगोरियन जोड १ मार्च १६३०, आणि त्या दिवशी शुक्रवारच येतो. मोबाइल आजचे नियम मागे ताणतो, म्हणून त्याला मंगळवार दिसतो. तिथी की तारीख हा वाद पुष्कळ रंगतो, पण तारीख कोणत्या पंचांगाची, हे सहसा कोणी विचारत नाही.

८/ इंग्रजांची आणखी एक खोड अशी की, त्यांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारी १६६४ मधील सुरतेच्या पहिल्या स्वारीचा मजकूर त्यांच्या मूळ कागदांत १६६३ सालचा म्हणून सापडतो.

९/ १७०० साली फरक दहावरून अकरावर गेला. जुलियन पंचांगात त्या वर्षी २९ फेब्रुवारी आला, ग्रेगोरियनमध्ये आला नाही. २१०० साली ही घड्याळे जी चूक करणार आहेत, नेमकी तीच. लगेच पुढे, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, छत्रपती राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले. तो काळ ग्रेगोरियन गणनेने दुसऱ्या आठवड्यात पडतो. बाजीरावांची रावेरखेडीची तारीख, २८ एप्रिल १७४०, हीही जुनीच. नव्या गणनेने ती ९ मे.

१०/ आता उमरेड-नागपूरच्या मुलखाकडे वळू. रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली १७४२ मध्ये बंगालवर गेली आणि कलकत्त्याच्या इंग्रजांनी धास्तीने 'मराठा खंदक' खणायला घेतला. त्याच हुगळीकाठी चंद्रनगरला फ्रेंच होते. ज्या दिवशी इंग्रज १ जून लिहीत, त्या दिवशी फ्रेंच १२ जून लिहीत. नागपूरकरांच्या या मोहिमा अभ्यासताना दोन्ही वखारींचे कागद शेजारी ठेवले आणि हा फरक विसरला, तर फौज एकाच वेळी दोन ठिकाणी असल्याचा भास होईल.

११/ अखेर १७५२ मध्ये इंग्रजांनी २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर मोजला. मौज अशी की, त्यानंतर दहाएक वर्षांतच टॉमस मज या लंडनच्या कारागिराने पर्पेच्युअल कॅलेंडर असलेले खिशातले घड्याळ बनवले. पानिपत, १४ जानेवारी १७६१, हे बदलानंतरचे. म्हणून पौष शुद्ध अष्टमीचा बुधवार मोबाइलवरही बुधवारच दिसतो.

१२/ हे केवळ कुतूहल नव्हे. मोडी पत्राचा खरेपणा तपासताना तिथी आणि वार जुळतात का, ही एक प्रमुख कसोटी असते. चुकीच्या पंचांगाने तपासणी केली, तर अस्सल पत्र बनावट ठरू शकते आणि एखादे बनावट पत्र अस्सल म्हणून खपूनही जाऊ शकते. १७५२ पूर्वीची तारीख दिसली की ती जुनी की नवी हे आधी ठरवावे आणि मगच वार पाहावा.

१३/ घड्याळजींनीही शतकवर्षांचा प्रश्न सोडून दिलेला नाही. पाटेक फिलिपच्या १९८९ च्या 'कॅलिबर ८९' या खिशातल्या घड्याळात शतकवर्षांचा अपवाद बसवला होता. आयडब्ल्यूसीने २०२४ मध्ये मनगटी घड्याळात ४०० वर्षांत एकच फेरी करणारे चाक घातले. बाकीची घड्याळे १ मार्च २१०० रोजी सकाळी २९ फेब्रुवारी दाखवतील, १७०० साली सुरतेच्या इंग्रज कारकुनाने दाखवला तसाच.