कोपऱ्यावरचा गडी

हुतूतूचा सामना पाहून घरी परतलेल्या माणसाला विचारून पाहा, आज कोण खेळलं? तो चढाई करणाऱ्याचं नाव सांगेल. पाय धरून त्याला पाडणाऱ्याचं नाव आठवलं तर आठवलं. धाकट्या डहाणूच्या किनाऱ्यावर हे जास्त समजावून सांगायला नको. जाळं ओढताना कडेचा माणूस ढिला पडला तर मासळी निसटते, पण वाखाणली जाते ती मासळी. कबड्डीत डावा आणि उजवा कोपरा म्हणजे ही कड.

या कडेला किंमत आली कशी? पूर्वी हा खेळ तीन तऱ्हांनी खेळत. ‘अमर’मध्ये बाद झालेला गडी मैदानातच राही, फक्त गुण मोजला जाई. ‘गामिनी’त तो सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. ‘संजीवनी’त मात्र समोरचा एक गडी बाद केला की आपला एक उठे. फरक लहान दिसतो, पण माझ्या मते कोपऱ्यावरच्या गड्याचं नशीब इथेच पालटलं. अमरमध्ये त्याच्या पकडीचा एक गुण, बस्स. संजीवनीत गुण मिळे, वर बाहेर बसलेला सोबती आत येई. आणि तो सोबती संघाचा हुकमी चढाईपटू असला, तर सामनाच फिरे. आजची कबड्डी या संजीवनीवरच उभी आहे. महाराष्ट्रात १९१८ च्या सुमारास नियम बांधले गेले, १९२३ साली ते छापले गेले आणि त्याच वर्षी बडोद्यात त्या नियमांनी स्पर्धा झाली. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ दाखवला. पुढे १९५० साली अखिल भारतीय महासंघ आला, १९९० साली बीजिंगचं आशियाई सुवर्णपदकही आलं. कौतुक मात्र चढाईचंच राहिलं.

असाच एक गडी अमेरिकन फुटबॉलमध्ये आहे. तिथे पुढच्या ओळीतले पाच धिप्पाड खेळाडू फक्त अडवतात. चेंडू झेलायची मुभा त्यांना सहसा नसते. त्यांना खेटून ओळीच्या टोकाला उभा राहतो तो ‘टाइट एंड’. हा अडवतोही आणि धावत जाऊन झेलतोही. शिकागोच्या माइक डिटकाने १९६१ साली पहिल्याच मोसमात ५६ झेल घेतले, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. तरी या जागेवरच्या खेळाडूला तिथल्या मानाच्या दालनात प्रथम प्रवेश मिळायला १९८८ साल उजाडलं. तो पहिला मानकरी डिटकाच.

दोन कामं करणाऱ्याला पगार कोणत्या कामाचा द्यायचा? २०१४ साली न्यू ऑर्लिन्सच्या जिमी ग्रॅहमने हाच वाद लवादापुढे नेला. मी बहुतेक वेळ ओळीपासून दूर उभा राहतो, मला झेलणाऱ्याच्या दराने मोजा, असं त्याचं म्हणणं. निकाल विरुद्ध गेला. जागेच्या नावापायी सुमारे ५३ लाख डॉलरचा फरक पडला! पुढे त्याने संघाशी मोठा करार केला, ते वेगळं.

त्याच २०१४ साली आपल्याकडे प्रो कबड्डी सुरू झाली आणि ‘सुपर टॅकल’ लोकांच्या तोंडी बसला. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली, तर एकाऐवजी दोन गुण. हरत चाललेल्या संघाचा कोपरा एकदम मोलाचा झाला. २०१८ च्या लिलावात इराणच्या फझल अत्राचलीला यू मुंबाने १ कोटी रुपयांना घेतलं. हा निव्वळ डाव्या कोपऱ्याचा माणूस. २०२३ साली पुणेरी पलटणने इराणच्याच मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाख दिले. त्या लिलावात चढाईपटू पवन सेहरावतला २ कोटी ६०.५ लाख मिळाले, म्हणजे चढाईचा भाव तेव्हाही वरच. पण शादलू कोपरा सांभाळून अधूनमधून चढाईलाही जातो, टाइट एंडसारखाच. त्या मोसमात त्याने पकडीचे ९९ गुण मिळवले, सगळ्यांत जास्त, आणि मार्च २०२४ मध्ये पुण्याने हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा करंडक नेला.