चार गुणिले चार गुणिले चार

आज सुरुवात एका छोट्या गणिताने करू. आठ जणींची अंतिम फेरी आहे. खेळाचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकारात प्रत्येकीला १ ते ८ मधला एक क्रमांक मिळतो. तिन्ही क्रमांकांचा गुणाकार करायचा, जिचा गुणाकार सगळ्यात कमी ती पहिली. आता एकीचे क्रमांक आहेत ४, ४, ४ आणि दुसरीचे आहेत १, ८, ८. पुढे कोण?

वहीत करून पाहा. दोघींचे ६४ येतात.

हे मी शिकवण्यासाठी रचलेलं उदाहरण नाही. ६ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोच्या आओमी भागातल्या मैदानात, करोनामुळे प्रेक्षक नसताना, ऑलिंपिकच्या इतिहासातलं महिलांचं पहिलं क्लाइंबिंग पदक ठरत होतं, तेव्हा नेमकं हेच घडलं. १, ८, ८ वाली होती पोलंडची अलेक्सांद्रा मिरोस्वाव. ४, ४, ४ वाली होती जपानची अकियो नोगुची, वय ३२. ही तिची शेवटची स्पर्धा असेल हे तिने आधीच जाहीर केलं होतं. बरोबरी झाल्यावर नियम असा की दोघींची समोरासमोर तुलना करायची, तीनपैकी जास्त प्रकारांत जी पुढे ती वर. नोगुची दोन प्रकारांत पुढे होती. तिला कांस्य मिळालं, मिरोस्वाव चौथी राहिली.

तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेट देऊन सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत आहात, म्हणून एका खेळाडूच्या कारकिर्दीवर आज लिहितोय. 'मी काय मोजलं' आणि 'मी कशाने मोजलं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे मला कोर्सवर्कच्या वर्षात फार उशिरा कळलं. नोगुचीची सोळा वर्षांची कारकीर्द हा या फरकाचा चांगला इतिहास आहे.

आधी बोल्डरिंग म्हणजे काय ते थोडक्यात. साधारण चार-साडेचार मीटर उंचीची कृत्रिम भिंत, खाली जाड गाद्या, कमरेला दोर नाही. भिंतीवर होल्ड लावून एक वाट तयार केलेली असते. तिला 'प्रॉब्लेम' म्हणतात, आणि हा शब्द अगदी योग्य आहे. स्पर्धकांना वेगळ्या खोलीत ठेवतात, त्यामुळे आधीच्या खेळाडूने तो कसा सोडवला हे कुणालाच दिसत नाही. ठरलेल्या मिनिटांत कितीही वेळा प्रयत्न करा, पण प्रत्येक प्रयत्न मोजला जातो. लीड प्रकारात दोर बांधून उंच भिंतीवर जितकं वर जाता येईल तितकं जायचं, आणि स्पीडमध्ये १५ मीटरच्या, जगभर एकसारख्या आखलेल्या वाटेवर घड्याळाशी शर्यत. आपल्याकडे मुंब्र्याच्या किंवा सह्याद्रीच्या कातळावर जे प्रस्तरारोहण चालतं, त्याच्याशी पहिल्या दोघांचं नातं लगेच दिसतं. स्पीडचं मला तरी फारसं दिसत नाही.

नोगुचीचा जन्म ३० मे १९८९ चा, इबाराकी प्रांतातल्या र्‍यूगासाकीचा. घरी गुरांचा व्यवसाय. अकरा वर्षांची असताना कुटुंबाबरोबर ग्वामला सुट्टीवर गेली आणि तिथे पहिल्यांदा भिंत चढली. परत आल्यावर वेड उतरेना, तेव्हा वडिलांनी गोठ्याच्या जागेत तिच्यासाठी चढाईची भिंत उभी केली. अशी गोष्ट वाचली की आपल्याला लगेच वाटतं, बघा, बोल्डरिंगची राणी गोठ्यात घडली. पण जरा थांबा. २००५ साली, सोळाव्या वर्षी, म्युनिकच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तिने पहिलं मोठं पदक मिळवलं, ते कांस्य होतं आणि ते लीडमधलं होतं. 'बोल्डरिंगची खेळाडू' हे लेबल तिच्यावर नंतर चिकटलं. इतिहास लिहिताना शेवट माहीत असतो, म्हणून सुरुवातही त्याच दिशेने जात होती असं वाटू लागतं. साहित्याचा आढावा लिहिताना ही चूक हमखास होते. आज गाजलेला पेपर पहिल्या दिवसापासून गाजलाच होता, अशा थाटात आपण लिहून मोकळे होतो.

२००८ मध्ये फ्रान्समधल्या मोंतोबां इथे तिने बोल्डरिंग विश्वचषकाची फेरी जिंकली. असं करणारी ती पहिली जपानी महिला. पुढच्या दोन वर्षांत, २००९ आणि २०१० मध्ये, ती संपूर्ण हंगामाची विजेती ठरली. पुन्हा २०१४ आणि २०१५ मध्ये. विश्वचषकाच्या एकूण २१ फेऱ्या तिने बोल्डरिंगमध्ये जिंकल्या. मायदेशात बोल्डरिंग जपान कप सुरू झाल्यापासून सलग नऊ वेळा तिनेच जिंकला. यावर वेगळं काही बोलायची गरज नाही.

आता इथे दोन स्पर्धांमध्ये गल्लत करू नका. विश्वचषक ही हंगामभर चालणारी मालिका असते. वेगवेगळ्या शहरांत फेऱ्या होतात आणि शेवटी गुण एकत्र करतात. (२०१६ आणि २०१७ मध्ये यातली एकेक फेरी नवी मुंबईत झाली होती. मुंबईच्या गिरिविहार संस्थेने ती भरवली होती, हे आपल्याकडे क्रीडापानांच्या वाचकांनाही फारसं आठवत नाही.) जागतिक अजिंक्यपद मात्र साधारण दोन वर्षांतून एकदा, एकाच ठिकाणी, काही दिवसांत संपतं. एकात आठवड्यामागून आठवडे मोजमाप, दुसऱ्यात एकच संध्याकाळ.

नोगुची आणि ऑस्ट्रियाची आना श्टोर या दोघींची नावं शेजारी ठेवा. २००८ ते २०१५ या आठ हंगामांत बोल्डरिंगचं एकूण विजेतेपद या दोघींशिवाय कुणालाच मिळालं नाही. श्टोर २००८, २०११, २०१२, २०१३ आणि नोगुची उरलेली चार वर्षं. चार विरुद्ध चार. पण बोल्डरिंगचं जागतिक अजिंक्यपद श्टोरने दोनदा जिंकलं, २००७ आणि २०११ मध्ये. नोगुचीने एकदाही नाही. २०१६ ला पॅरिसमध्ये ती तिसरी आली. २०१८ ला इन्सब्रुकमध्ये आणि २०१९ ला हाचिओजीत दुसरी, दोन्ही वेळा स्लोव्हेनियाच्या याना गार्नब्रेटच्या मागे. नोगुचीने मोंतोबां जिंकलं तेव्हा गार्नब्रेट नऊ वर्षांची होती.

मग नोगुची श्टोरपेक्षा कमी ठरते का? तुम्ही प्रयोग करणारे असाल तर उत्तर देण्याआधी विचाराल की नमुना किती मोठा आहे. सात-आठ वर्षांच्या फेऱ्या एका बाजूला आणि बोटांवर मोजता येतील इतक्या अंतिम फेऱ्या दुसऱ्या बाजूला. माझं मत विचाराल तर हंगामाचा आकडा जास्त बोलका आहे. पण हेही कबूल करतो की मोठ्या दिवशी दडपणाखाली काय होतं हेच ज्याला मोजायचं आहे, त्याच्यासाठी माझा आकडा निरुपयोगी आहे. दोघं बरोबर असू शकतात, कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत.

मधल्या काळात खेळही बदलत होता. होल्ड मोठे झाले, धावत येऊन झेप घ्यायच्या चाली वाढल्या, नव्या पिढीचे खेळाडू त्याच चालींवर वाढले. मोजण्याची पद्धतही बदलली. पूर्वी आधी पाहायचे किती प्रॉब्लेम पूर्ण झाले, मग त्यासाठी किती प्रयत्न लागले, आणि त्यानंतर मधल्या ठरावीक होल्डपर्यंत किती ठिकाणी पोचलात. २०१८ पासून हा मधला टप्पा प्रयत्नांच्या आधी मोजू लागले. म्हणजे समजा, एकीने दोन प्रॉब्लेम मिळून तीन प्रयत्नांत पूर्ण केले, बाकीच्या दोनांत ती मधल्या होल्डपर्यंतही पोचली नाही. दुसरीने दोन प्रॉब्लेमना पाच प्रयत्न घेतले, पण उरलेल्या दोन्हींत मधला टप्पा गाठला. जुन्या नियमात पहिली वर, नव्या नियमात दुसरी वर. चढाई तीच, क्रम उलटा. त्यामुळे २०१० आणि २०१८ चे निकाल एकाच तक्त्यात टाकून आलेख काढणाऱ्याने खाली तळटीप द्यायलाच हवी.

२०१८ चा हंगाम तिच्यासाठी मोठा होता. छोंगछिंग, ताइ-आन आणि हाचिओजी अशा सलग तीन फेऱ्या तिने जिंकल्या, वयाच्या २९ व्या वर्षाच्या आसपास. तरी हंगामाचं विजेतेपद गेलं तिच्याच देशाच्या, तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान मिहो नोनाकाकडे. त्याच वर्षी आशियाई खेळांत एकत्रित प्रकाराचं सुवर्ण नोगुचीला मिळालं. आणि २०१९ मध्ये गार्नब्रेटने बोल्डरिंगच्या सहाच्या सहा फेऱ्या जिंकून बाकी सगळ्यांसाठी दुसऱ्या क्रमांकाचीच शर्यत ठेवली. त्या शर्यतीत, म्हणजे हंगामाच्या तक्त्यात, दुसरी होती नोगुची.

आता पुन्हा टोकियोकडे. ऑगस्ट २०१६ मध्ये क्लाइंबिंग ऑलिंपिकमध्ये घ्यायचं ठरलं, पण पदकांचा संच महिलांसाठी एक आणि पुरुषांसाठी एक, एवढाच मिळाला. प्रकार तीन. मग तिन्ही एकत्र करून गुणाकाराची पद्धत आणली. दहा-बारा वर्षं बोल्डरिंग आणि लीडमध्ये घालवलेल्या खेळाडूंना आता घड्याळ लावून भिंतीवर पळायला शिकायचं होतं.

गुणाकारच का? विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना लगेच दिसेल की गुणाकार म्हणजे लॉगची बेरीज. पहिल्यावरून दुसऱ्या क्रमांकावर घसरलात तर गुण दुप्पट होतात. सातव्यावरून आठव्यावर घसरलात तर फक्त एक सप्तमांशाने वाढतात. म्हणजे एखाद्या प्रकारात अव्वल असणाऱ्याला मोठं बक्षीस, आणि एखाद्यात अगदी तळाला असणाऱ्याला फारशी शिक्षा नाही. तज्ज्ञांना वाचवणारी पद्धत. मिरोस्वावने त्या दिवशी स्पीडमध्ये ६.८४ सेकंदांचा जागतिक विक्रम केला, उरलेल्या दोन्ही प्रकारांत शेवटची आली, आणि तरी पदकाच्या दारापर्यंत पोचली ती यामुळेच.

गंमत अशी की ज्या प्रकारावर नोगुचीची कारकीर्द उभी, त्या बोल्डरिंगने तिला त्या दिवशी काही विशेष दिलं नाही. त्या फेरीत एकही प्रॉब्लेम पूर्ण करता आला तो फक्त गार्नब्रेटला. बाकी सातही जणी शून्यावर, त्यांचे क्रमांक मधल्या टप्प्यांवर आणि प्रयत्नांवर ठरले. नोगुची चौथी. स्पीडमध्येही चौथी, लीडमध्येही चौथी.

आठही जणींचे क्रमांक स्पीड, बोल्डरिंग, लीड अशा क्रमाने देतो. गार्नब्रेट ५, १, १. नोनाका ३, ३, ५. नोगुची ४, ४, ४. मिरोस्वाव १, ८, ८. अमेरिकेची ब्रुक राबूतू ७, २, ६. फ्रान्सची अनूक झोबेर २, ६, ७. ऑस्ट्रियाची जेसिका पिल्ट्स ६, ५, ३. कोरियाची सो चे-ह्यून ८, ७, २. गुणाकार येतात ५, ४५, ६४, ६४, ८४, ८४, ९०, ११२. आता हेच आकडे बेरजेने करा: ७, ११, १२, १७, १५, १५, १४, १७. पहिल्या तिघी त्याच राहतात, पण नोगुचीसाठी बरोबरीचा प्रश्नच उरत नाही. मिरोस्वाव चौथीवरून तळाला जाते आणि सातवी आलेली पिल्ट्स चौथी होते.

अजून एक गोष्ट पाहा. सो चे-ह्यून लीडमध्ये दुसरीऐवजी पहिली आली असती तर? तिचे गुण ८ गुणिले ७ गुणिले १, म्हणजे ५६. गार्नब्रेट १० गुणांवरही पहिलीच राहिली असती, नोनाका दुसरी, आणि नोगुचीचं कांस्य गेलं असतं. तेही नोगुचीच्या चढाईत एका सेंटिमीटरचाही फरक न पडता. हा धोका कागदावरचा नव्हता. पुढच्याच महिन्यात सो चे-ह्यून मॉस्कोला लीडची विश्वविजेती झाली. क्रमांकांवर चालणाऱ्या कुठल्याही मापात हा दोष असतो, की तुमचा निकाल तिसऱ्याच्या कामगिरीवर हलतो. संस्थांच्या रँकिंगच्या बातम्या वाचताना हे आठवलं तर बरं.

पुरुषांच्या फेरीत तर याहून कडक प्रकार झाला. जपानच्या तोमोआ नारासाकीचे क्रमांक २, ३, ६, गुणाकार ३६. तिसऱ्या आलेल्या याकोब शुबर्टचे ७, ५, १, म्हणजे ३५. नारासाकीचं पदक एका गुणाने हुकलं. सुवर्ण मिळालं स्पेनच्या आल्बेर्तो हिनेस लोपेसला, १, ७, ४ वर. नारासाकीची बेरीज ११ होते, बाकी सगळ्यांची १२ किंवा त्याहून जास्त. बेरजेचा नियम असता तर सुवर्ण त्याचं होतं. त्याच डिसेंबरमध्ये नोगुची आणि नारासाकी यांनी लग्न केल्याचं जाहीर केलं. एकाच घरात एक जण गुणाकारात बरोबरी सुटून पदक मिळवलेली आणि दुसरा गुणाकारामुळेच पदक गमावलेला.

पॅरिसला २०२४ मध्ये स्पीड वेगळं काढलं. बोल्डरिंग आणि लीड एकत्र राहिले, पण प्रत्येकाला १०० पैकी गुण देऊन त्यांची सरळ बेरीज केली, गुणाकार गेला. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये तिन्ही प्रकारांना स्वतंत्र पदकं आहेत, म्हणजे ऑलिंपिकमध्ये निव्वळ बोल्डरिंगचं पदक पहिल्यांदा दिलं जाईल. तेव्हा नोगुची ३९ वर्षांची असेल.