क्रिप्टोचे पैसे ‘पाठवले’ की ‘आलेच नाहीत’? ब्लॉकचेनची नोंद वाचून वाद कसा मिटवायचा

समजा, अकोल्याच्या एकानं जुना लॅपटॉप विकायला काढला आणि अमरावतीच्या ओळखीतल्या मुलानं तो ३०० यूएसडीटीला घ्यायचं ठरवलं. रात्री अमरावतीहून मेसेज येतो, “पाठवले ना भाऊ, बघ.” सोबत हिरव्या टिकचा स्क्रीनशॉट. अकोल्याहून उत्तर येतं, “माह्याकडे तं काहीच नाही आलं.” तासभर असंच चालतं. मग ग्रुपमधला तिसरा कुणीतरी मध्ये पडतो आणि वाद अजून वाढतो.

यूपीआयमध्ये असं झालं तर दोन्हीकडे बँका असतात, यूटीआर नंबर असतो, तक्रार करायला जागा असते. क्रिप्टोत मधे बँक नाही. पण एक गोष्ट यूपीआयपेक्षा जास्त आहे. बिटकॉइन, इथेरियम, ट्रॉन अशा नेटवर्कवरचा प्रत्येक व्यवहार सगळ्या जगासमोर उघडा असतो. लॉगिन नाही, केवायसी नाही. मोबाइलवर कुणीही बघू शकतं. (मोनेरोसारखी काही नाणी मुद्दाम लपवाछपवीसाठीच बनवली आहेत, ती यात येत नाहीत.) त्यामुळे ‘पाठवले’ आणि ‘आले नाहीत’ यातलं खरं काय, हे बहुतेक वेळा पाच मिनिटांत कळतं. फक्त नोंद वाचता आली पाहिजे.

आधी स्क्रीनशॉट बाजूला ठेवा

स्क्रीनशॉट म्हणजे चित्र. ते कुठल्याही फोटो एडिटरमध्ये बदलता येतं, आणि खरं असलं तरी ते पाठवणाऱ्याच्या अ‍ॅपला काय वाटतं तेवढंच सांगतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत लोकांना दर महिन्याला १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असं आमिष दाखवलं गेलं. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले. आरोपींच्या वॉलेटमध्ये किती बिटकॉइन आहेत हे शोधायला पुणे पोलिसांनी बाहेरच्या तज्ञांची मदत घेतली. मार्च २०२२ मध्ये त्याच मदतनीसांपैकी दोघांना पोलिसांनी अटक केली. त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी होता, दुसरा सायबर तज्ञ. आरोप असा की तपासादरम्यान आरोपींच्या वॉलेटमधली नाणी परस्पर वळवली गेली, आणि शिल्लक कमी दिसावी म्हणून ब्लॉकचेनचे फेरफार केलेले स्क्रीनशॉट पोलिसांना दिले गेले. हा आरोप आहे, निकाल नव्हे. पण विचार करा: मूळ नोंद सार्वजनिक असताना पोलिसांसमोर आली ती तिची चित्रं. पुढे या घोटाळ्याचा तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभरात ६० हून जास्त ठिकाणी झडत्या झाल्या.

तर मग अकोल्याच्या भावानं काय मागायचं? टीएक्सआयडी. म्हणजे ट्रान्झॅक्शन आयडी, काही अ‍ॅपमध्ये याला ‘हॅश’ म्हणतात. हा ६४ अक्षर-अंकांचा लांबलचक कोड असतो. इथेरियमवर त्याच्या पुढे शून्य-एक्स लागतं. तो मजकूर म्हणून मागा, फोटोत नको. सोबत नेटवर्कचं नावही विचारा. यूएसडीटी ट्रॉनवरही चालतं, इथेरियमवरही, बीएनबी चेनवरही. तिन्हीच्या वह्या वेगळ्या आहेत.

मग त्या नेटवर्कचा एक्सप्लोरर उघडा. ट्रॉनसाठी ट्रॉनस्कॅन, इथेरियमसाठी इथरस्कॅन, बीएनबी चेनसाठी बीएससीस्कॅन, बिटकॉइनसाठी मेमपूल डॉट स्पेस. पत्ता स्वतः टाइप करा. समोरच्यानं पाठवलेल्या लिंकवर जाऊ नका, कारण हुबेहूब इथरस्कॅनसारखी दिसणारी नकली साइट बनवणं अवघड नाही, आणि तिच्यावर हवा तो आकडा दाखवता येतो.

नोंद उघडली. आता वाचायची कशी?

पहिल्यांदा ‘स्टेटस’ बघा. इथे एक गंमत आहे जी खूप जणांना माहीत नसते: फसलेल्या व्यवहारालाही टीएक्सआयडी असतो. ट्रॉनवर ‘एनर्जी’ कमी पडली किंवा इथेरियमवर ‘गॅस’ संपला, तर व्यवहार नोंदला जातो, फीसुद्धा कापली जाते, पण पैसे हलत नाहीत. म्हणजे अमरावतीचा मुलगा टीएक्सआयडी दाखवतोय, फी गेलेली दाखवतोय, खोटंही बोलत नाहीये, आणि तरीही पेमेंट झालेलं नाही. ‘फेल्ड’ दिसलं की विषय संपला, त्यानं परत पाठवायचं.

‘पेंडिंग’ असेल तर थांबा. ट्रॉनवर दर ३ सेकंदांनी ब्लॉक बनतो, इथेरियमवर १२ सेकंदांनी, बिटकॉइनवर सरासरी १० मिनिटांनी. बिटकॉइनमध्ये कन्फर्म न झालेला व्यवहार पाठवणारा जास्त फी देऊन बदलू शकतो, आणि बदललेल्या व्यवहारात पैसे स्वतःकडेच वळवूही शकतो. म्हणून बिटकॉइनमध्ये मोठी रक्कम असेल तर ६ कन्फर्मेशनपर्यंत वस्तू हातची सोडायची नाही असा जुना रिवाज आहे. लॅपटॉप बडनेऱ्याच्या गाडीत बसवायच्या आधी तासभर कळ काढली तर काही बिघडत नाही.

आता रक्कम आणि पत्ता. इथरस्कॅनवर यूएसडीटीचा व्यवहार उघडला की नवखा माणूस हमखास दचकतो. ‘टू’ समोर भलताच पत्ता दिसतो आणि ‘व्हॅल्यू’ समोर शून्य. “हे बघ, तू शून्य पाठवलेत आणि तेही दुसऱ्यालाच!” इथून भांडण नव्यानं सुरू होतं. खरं तर टोकन पाठवताना तुमचं वॉलेट त्या टोकनच्या कॉन्ट्रॅक्टला निरोप देतं, म्हणून वरच्या ‘टू’मध्ये कॉन्ट्रॅक्टचा पत्ता असतो, आणि शून्य हा आकडा इथरचा असतो. खरी देवाणघेवाण खाली ‘टोकन्स ट्रान्सफर्ड’च्या ओळीत दिसते: कुणाकडून, कुणाला, किती. तीच ओळ वाचायची.

त्याच ओळीत टोकनच्या नावावर क्लिक करून कॉन्ट्रॅक्टचा पत्ताही तपासा. ‘यूएसडीटी’ हे नाव कुणीही आपल्या टोकनला देऊ शकतं. असे नकली ३०० यूएसडीटी वॉलेटमध्ये येऊन बसतात, आकडा बरोबर दिसतो, आणि विकायला गेलं की किंमत शून्य. टेदर कंपनी आपल्या वेबसाइटवर खऱ्या कॉन्ट्रॅक्टचे पत्ते देते, त्यांच्याशी जुळवा.

बिटकॉइनमध्ये गोंधळ वेगळा. तिथे एका व्यवहारात दोन-तीन ‘आउटपुट’ असतात. दुकानात पाचशेची नोट दिली की सुटे परत मिळतात तसं: मोठं आउटपुट बहुतेकदा पाठवणाऱ्याकडेच परत गेलेले सुटे असतात. एकूण आकडा नको, तुमच्या पत्त्यासमोरचा आकडा बघा.

३०० ऐवजी २९९ पोहोचले? बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या एक्स्चेंजनं विड्रॉवल फी रकमेतूनच कापलेली असते. फी कुणाची हे आधी ठरलं नसेल तर ब्लॉकचेन त्यावर काहीच सांगू शकत नाही. चहा पिऊन मिटवा.

पत्ता पूर्ण जुळवा, टोकं नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. आपण काय करतो? पहिली चार अक्षरं, शेवटची चार अक्षरं, जुळलं, झालं. ठगांना हे पक्कं माहीत आहे. ते तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखी टोकं असलेला पत्ता तयार करतात आणि त्यावरून तुमच्या वॉलेटला शून्य किंवा चिल्लर रकमेचा व्यवहार करतात. तो तुमच्या हिस्ट्रीत बसतो. पुढच्या वेळी तुम्ही हिस्ट्रीतून पत्ता कॉपी करता, आणि पैसे ठगाकडे. मे २०२४ मध्ये एकानं असंच ११५५ रॅप्ड बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे ६.८ कोटी डॉलर, चुकीच्या पत्त्यावर पाठवले. पुढे बोलणी होऊन बहुतेक रक्कम परत आली, पण ते त्याचं नशीब. आपल्या ३०० यूएसडीटीसाठी कुणी बोलणी करायला येणार नाही.

म्हणून तीन ठिकाणचा पत्ता अक्षरन् अक्षर जुळवा: चॅटमध्ये विकणाऱ्यानं दिलेला, एक्सप्लोररवर पैसे पोहोचलेला, आणि विकणाऱ्याच्या वॉलेटमध्ये आत्ता दिसणारा. डोळ्यांनी नको, मोबाइलच्या ‘फाइंड’नं.

तिन्ही जुळले तर माझ्या मते देणारा मोकळा झाला. पैसे सांगितलेल्या नेटवर्कवर, सांगितलेल्या पत्त्यावर पोहोचलेत. अ‍ॅपमध्ये दिसत नसतील तर ते घेणाऱ्यानं बघायचं. चॅटमधला आणि पोहोचलेला पत्ता वेगळा निघाला तर चूक देणाऱ्याकडची, मग ती हिस्ट्रीतून कॉपी केल्यानं झाली असो किंवा कॉपी-पेस्टच्या मधे पत्ता बदलणाऱ्या मालवेअरनं. आणि चॅटमधला पत्ता वॉलेटमधल्या पत्त्याशी जुळत नसेल तर विकणाऱ्यानंच चुकीचा दिला, किंवा त्याचं खातं दुसरंच कुणी वापरतंय.

नेटवर्क चुकलं तर घाबरून जाऊ नका. इथेरियम आणि बीएनबी चेनचे पत्ते दिसायला सारखेच असतात. विकणाऱ्याचं स्वतःचं वॉलेट असेल, म्हणजे सीड फ्रेज त्याच्याकडे असेल, तर वॉलेटमध्ये बीएनबी चेन जोडली की पैसे तिथेच दिसतात. पत्ता एक्स्चेंजचा असेल तर मात्र ते एक्स्चेंज मदत करतं की नाही यावर सगळं अवलंबून.

ब्लॉकचेन जे सांगत नाही

नोंदीत पत्ते असतात, माणसं नसतात. ‘हा पत्ता माझा नाहीच’ असं कुणी म्हटलं तर टीएक्सआयडी तिथे थिटा पडतो. म्हणून विकणाऱ्यानं पत्ता दिला तो मेसेज हा टीएक्सआयडीइतकाच महत्त्वाचा पुरावा आहे. चॅट डिलीट करू नका. उलट बाजूनं, मीच पाठवलेत हे सिद्ध करायचं असेल तर स्वतःच्या वॉलेटमधून ‘साइन मेसेज’ वापरून साधा मजकूर, समजा आजची तारीख, सही करून देता येतो. ती सही त्या पत्त्याची प्रायव्हेट की ज्याच्याकडे आहे तोच करू शकतो. समोरचा प्रायव्हेट की किंवा सीड फ्रेजच मागत असेल तर मात्र बोलणं तिथेच थांबवा.

एक्स्चेंजवरून पाठवलं असेल तर ‘फ्रॉम’मध्ये एक्स्चेंजचं सामायिक वॉलेट दिसतं, पाठवणाऱ्याचं नाही. एकाच एक्स्चेंजच्या दोन खात्यांमधली बदली तर बऱ्याचदा ब्लॉकचेनवर येतच नाही. दोन्ही वेळा उत्तर एक्स्चेंजकडे. मार्च २०२३ पासून भारतातली एक्स्चेंजेस मनी लॉन्डरिंग कायद्याखाली आली, त्यांना केवायसी ठेवावंच लागतं. त्यामुळे पोलिसांनी पत्ता आणि टीएक्सआयडी देऊन विचारलं तर पत्त्यामागचा माणूस सापडू शकतो.

आणि रुपये. पी-टू-पी मध्ये यूएसडीटी विकलं, यूपीआयनं पैसे आले, आठवड्यानं बँक खातं गोठलं, कारण घेणाऱ्यानं दिलेले पैसे कुठल्यातरी फसवणुकीतले होते. ब्लॉकचेन इथे अर्धाच सौदा दाखवते. दुसरा अर्धा म्हणजे यूटीआर, ऑर्डर नंबर आणि घेणाऱ्याचं नाव. दोन्ही अर्धे एकत्र ठेवले तरच ‘मी माल दिला आणि त्याचे पैसे घेतले’ हे दाखवता येतं.

तक्रार करायची वेळ आली तर

फसवणूक दिसली की १९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. अमरावती आणि अकोला दोन्हीकडे सायबर पोलीस ठाणी आहेत, तिथेही जाता येतं. उशीर करू नका. बिटकॉइन कुणीच गोठवू शकत नाही, पण यूएसडीटी टेदर कंपनी पत्त्यावरच गोठवू शकते, आणि एक्स्चेंजमध्ये पोहोचलेली रक्कम काढून घ्यायच्या आधी अडवता येते.

तक्रारीत टीएक्सआयडी मजकूर म्हणून द्या, नेटवर्कचं नाव, दोन्ही पूर्ण पत्ते आणि वेळ लिहा. इथरस्कॅनवर वेळ यूटीसीमध्ये असते. तिथे दुपारचे ३:१० म्हणजे आपले रात्रीचे ८:४०. हा साडेपाच तासांचा फरक लिहिला नाही तर चॅटमधली वेळ आणि नोंदीतली वेळ जुळत नाही, आणि समोरचा वकील नेमकं तेच धरून बसतो. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलची हॅश द्यावी लागते, आणि एक भाग तज्ञानं भरायचा असतो. म्हणून चॅट एक्सपोर्ट केलेली फाइल आणि एक्सप्लोररच्या पानाची पीडीएफ पहिल्याच दिवशी काढून ठेवा, आणि नंतर त्या फाइल एडिट करू नका; एक स्पेस वाढली तरी हॅश बदलते.