अंबर लागर आणि थंडीचा इतिहास : वागळे इस्टेटीच्या संदर्भात

ठाण्याची वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची १९६२ सालची पहिली औद्योगिक वसाहत. मे महिन्यात तेथील पारा सहज ३५ अंशांवर जातो. लागर बिअरचे यीस्ट मात्र साधारणपणे ८ ते १२ अंशांत काम करते आणि त्यानंतर पेय कित्येक आठवडे शून्याच्या आसपास मुरावे लागते. तांबूस जर्मन लागरचा, म्हणजेच मेर्त्सेनचा इतिहास हा या तापमानाचा इतिहास आहे.

बव्हेरियात १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर गाळण्यास मनाई झाली. उन्हाळ्यात ती नासत असे. त्यामुळे मार्चमध्ये जराशी कडक बिअर करून बर्फ भरलेल्या तळघरांत ठेवली जाई. मेर्त्सेन हे नाव त्या महिन्यावरूनच आले. म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीचे गाब्रिएल झेडलमायर व व्हिएन्नाचे आंटोन ड्रेहर यांनी इंग्लंडमधील ब्रुअऱ्या पाहून माल्ट वाळविण्याच्या पद्धती सुधारल्या आणि १८४१ मध्ये आपापली तांबूस लागर बाजारात आणली. ऑक्टोबरफेस्टमध्ये मेर्त्सेन १८७२ मध्ये पोहोचली. आज तेथे प्रामुख्याने फिकट सोनेरी बिअर मिळते. तेव्हा ‘पारंपरिक’ हा शब्द जपूनच वापरावा लागतो.

मोड आणलेले जव अधिक उष्णतेवर वाळविल्याने पेयाला तांब्याचा रंग व भाजलेल्या पोळीच्या कडेसारखा खरपूस गंध येतो. पहिला घोट गोडसर लागतो, पण शेवट कोरडा असतो. हॉप्सचा कडवटपणा मागे राहतो. हा स्वच्छपणा दीर्घ मुरणीतून येतो.

मुंबईत १८३४ पासून अमेरिकेहून जहाजाने बर्फ येऊ लागला. तो पाहुण्यांच्या पेल्यांपुरता ठीक होता; तळघरे भरण्याइतका तो परवडणे शक्य नव्हते. १८७० च्या दशकात कार्ल लिंडे यांचे शीतयंत्र श्पाटेनमध्येच प्रथम चालले आणि थंडी ऋतूच्या तंत्रातून सुटली. तळोज्यासारख्या दमट ठिकाणी लागरचे कारखाने उभे राहू शकले ते त्यामुळेच.

यंत्राला मुरण्याचा काळ मात्र कमी करता आला नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलालीने जर्मन ब्रूमास्टरसह सूक्ष्म ब्रुअरी सुरू केली (हे नाव देवळालीच्या इंग्रजी अपभ्रंशाचे). अशा लहान ब्रुअरीत गव्हाची बिअर दोन-तीन आठवड्यांत टाकी मोकळी करते; मेर्त्सेन ती दीड-दोन महिने अडवून ठेवते. मोजक्या टाक्यांच्या आणि वाढत्या वीजबिलाच्या व्यवसायात हा हिशेब चवीपेक्षा वरचढ ठरतो.