पाणसळ ते रडार: भिलाईच्या जमिनीची मोजणी

जमिनीची मोजणी दोन निरनिराळ्या प्रश्नांसाठी केली जाते. जमीन किती आणि कुणाची, हा पहिला प्रश्न महसुलाचा आहे. ती जागची हलली का, हा दुसरा प्रश्न बांधकामाचा असून तो इतिहासात फार उशिरा विचारला गेला. छत्तीसगडमधील दुर्ग-भिलाईचा पट्टा अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाल्यावर तो इंग्रजांकडे गेला, आणि १९०६ मध्ये रायपूर व बिलासपूर या जिल्ह्यांतून काही भाग काढून दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. या सर्व काळात गावोगावची मोजणी झाली ती सारा ठरवण्यासाठी. पटवाऱ्याच्या कागदांत शेताची हद्द असे आणि जमिनीची प्रत असे, उंची मात्र नसे. या प्रतींची स्थानिक नावे भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशी आहेत: भाठा म्हणजे मुरमाड, पातळ थराची जमीन, मटासी पिवळसर, कन्हार काळी व चिकण, आणि डोरसा या दोन्हींच्या मधली. कन्हार पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे तेथील शेतकऱ्याला कोणत्याही उपकरणाशिवाय ठाऊक होते. भिलाईच्या पायाविषयी पुढे अभियंत्यांना जे विचारावे लागले, त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग या सारावसुलीच्या शब्दांत आधीच नोंदलेला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

उंचीची मोजणी वेगळ्या वाटेने आली. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा आखून जे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले, ते दख्खनमधून उत्तरेकडे सरकत राहिले. नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांची कबरही तेथेच आहे. पायारेषेसाठी त्यांनी शंभर फुटी पोलादी साखळी वापरली होती. पोलाद उन्हाने लांबते, म्हणून ती साखळी लाकडी पेट्यांत पसरून शेजारी तापमापक ठेवले जात आणि प्रत्येक लांबीतून उष्णतेचा वाटा वजा केला जाई. हा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पोलाद आणि ऊन यांचा हिशेब भिलाईत पुन्हा करावा लागतो. पुढे लेव्हलिंगच्या, म्हणजे गवंड्याच्या भाषेत पाणसळ धरण्याच्या, रांगा देशभर नेण्यात आल्या. दोन उभ्या मोजपट्ट्यांच्या मधोमध दुर्बीण आडवी रोखायची, दोन्हींवरचे आकडे वाचायचे, त्यांतील फरक वहीत लिहायचा आणि पुढे सरकायचे, अशी ही पद्धत. मुंबई आणि कारवारसह नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या नोंदींवरून समुद्रसपाटीचे शून्य धरण्यात आले, आणि पूल, देवळे, रेल्वेची स्थानके यांच्या दगडांवर बेंचमार्क कोरले गेले. रेल्वेच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची जी उंची लिहिलेली असते, ती या परंपरेची सर्वांत परिचित खूण होय; भिलाईच्या बाबतीत ती तीनशे मीटरांच्या आसपास आहे.

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी, म्हणजे दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी अद्याप नागपूरच होती त्या काळात. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला हलली, आणि पहिली झोतभट्टी पेटली तेव्हा नागपूर व भिलाई दोन वेगळ्या राज्यांत होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते या भट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याची आरंभीची क्षमता वर्षाला १० लाख टन पोलादाची होती. १९६७ मध्ये ती २५ लाख आणि १९८८ मध्ये ४० लाख टनांवर गेली. जेथे आधी धानाची शेते व भाठा होता, तेथे काही वर्षांच्या अवधीत भट्ट्या, धुराडी, रोलिंग मिलच्या लांबलचक शेड आणि कामगारांच्या घरांचे क्रमांक दिलेले सेक्टर उभे राहिले. खाली चुनखडक आणि शेल यांचे प्राचीन थर आहेत. नंदिनीच्या खाणीतून कारखान्याला चुनखडी मिळाली ती याच खडकामुळे. गंगेच्या खोऱ्यातील गाळासारखी ही जमीन सहज दबणारी नाही, मात्र चुनखडकात पाण्याने पोकळ्या होतात आणि वरच्या मातीची जात हातभर अंतरावर बदलते.

इमारत थोडी खचते, म्हणजे पाया ‘बसतो’, यात अभियंत्याला भय वाटत नाही. भय असते ते असमान बसण्याचे. शेडच्या दोन ओळींतील खांबांवर क्रेनचे रूळ टाकलेले असतात आणि त्यांवरून वितळलेल्या धातूची बादली वाहणारी क्रेन धावते. एक खांब शेजाऱ्यापेक्षा काही मिलिमीटर अधिक खाली गेला तरी रूळ वाकतो, चाकाची कड घासू लागते आणि क्रेन एका बाजूला ओढली जाते. म्हणून अशा कारखान्यांत खांबांच्या बुडाशी पोलादी खुंट्या बसवून ठरावीक काळाने त्यांची पाणसळ पाहण्याची रीत आहे. ही रीत अचूक आहे, पण तिला एक मूलभूत मर्यादा आहे: जेथे खुंटी बसवावी असे कुणाला आधी सुचले, तेथील हालचालच तिला कळते. जेथे कुणी शंका घेतली नाही, तेथे पहिले वाचनच नसते, आणि पहिल्या वाचनावाचून दुसऱ्याला अर्थ नसतो.

उपग्रहावरील रडारने नेमकी ही अट मोडली. १९५१ मध्ये कार्ल वायली यांनी चालत्या विमानावरील लहान अँटेनाकडून मोठ्या अँटेनाचे काम करून घेण्याची कल्पना मांडली, आणि १९७८ मध्ये सीसॅट उपग्रहाने ती अवकाशात नेली. रडार स्वतः लहरी सोडते व परत आलेल्या लहरीची तीव्रता आणि ‘कला’, म्हणजे लहर आपल्या चक्रात कोठवर पोहोचली ते, दोन्ही नोंदवते. त्याच जागेवरून काही दिवसांनी पुन्हा नोंद घेतली आणि मधल्या काळात जमीन दूर गेली असेल, तर कलेत फरक पडतो. दोन नोंदींच्या या ताळमेळाला व्यतिकरण म्हणतात. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर आहे, आणि लहर जाते व येते, म्हणून २.८ सेंटिमीटरच्या हालचालीत एक पूर्ण चक्र भरते. जुन्या मराठी कागदांत व्याजाला कळंतर, म्हणजे कलांतर, म्हणत; येथील कलांतरही काळाबरोबर साचत जाते, फरक इतकाच की प्रत्येक चक्रानंतर आकडा पुन्हा शून्यावर येतो आणि किती चक्रे झाली हे शेजारच्या बिंदूंवरून ताडावे लागते. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील लँडर्सच्या भूकंपानंतर दिदिए मासोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईआरएस-१ च्या आधीच्या व नंतरच्या चित्रांची वजाबाकी करून जमिनीच्या हालचालीचा नकाशा काढला, तो १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. त्यातील आधीचे चित्र घेतले गेले तेव्हा भूकंप होणार हे कुणालाच माहीत नव्हते. पुढे मिलानच्या फेरेत्ती, प्राती आणि रोक्का यांनी अनेक वर्षांच्या चित्रांत कायम सारखी चमक देणारे बिंदू निवडून केवळ त्यांचीच हालचाल मोजण्याची पद्धत घडवली, आणि हे तंत्र भूकंपांपासून इमारतींपर्यंत आले.

असे स्थिर बिंदू पोलादनगरीत मुबलक मिळतात. भिंत आणि फरसबंदी यांच्या काटकोनात लहर दोनदा आपटून आली त्या दिशेने परतते, म्हणून शेड, पूल आणि घरांच्या रांगा चित्रात ठिपक्यांसारख्या चमकतात. सेक्टर संपून धानाची शेते लागली की हा हिशेब बिघडतो: आषाढात चिखलणी, मग रोवणी, मग कमरेएवढे पीक, बारा दिवसांपूर्वीचे शेत आणि आजचे शेत रडारच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या वस्तू ठरतात. पावसाळी हवेतील बाष्पही लहरीला रेंगाळवते आणि सेंटिमीटरांची खोटी हालचाल दाखवू शकते. पोलाद स्वतःही निर्दोष साक्षीदार नाही. दर अंशाला ते दहा लाखांत सुमारे बारा भाग लांबते, तेव्हा पन्नास मीटर उंचीचा पोलादी सांगाडा हिवाळ्यातील पहाटेहून तीस अंश अधिक तापला, तर माथा सुमारे १.८ सेंटिमीटर वर जातो. भिलाईतील जोडरुळाचा २६० मीटर लांबीचा तुकडा तेवढ्याच फरकाने नऊ सेंटिमीटरांहून अधिक लांबतो. ही हालचाल वजा न करता जो नकाशा काढील, त्याला दर मे महिन्यात कारखाना उगवताना दिसेल. लॅम्ब्टन यांच्या पेट्यांतील तापमापकांची जागा येथे वर्षभराच्या तापमानाच्या नोंदी घेतात.

सेंटिनेल-१ ची चित्रे २०१४ पासून साठत आहेत आणि ती सर्वांना मोफत खुली आहेत. जोशीमठ शहर खचू लागले तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये, इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने बारा दिवसांत ५.४ सेंटिमीटर खचल्याचा आकडा दिला, तो उपग्रहांच्या अशाच क्रमवार चित्रांवरून. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार उपग्रहावर नासाची २४ सेंटिमीटर तरंगलांबीची एल पट्टी आणि इस्रोची आखूड लहरीची एस पट्टी अशी दोन रडारे आहेत. लांब लहर पानांमधून बरीचशी खाली उतरते, त्यामुळे धानाच्या बांधांचा आणि लोहखनिजाच्या खाणी असलेल्या राजहऱ्याकडील जंगलाचा पट्टाही मोजणीत येण्याजोगा झाला आहे. भिलाईचा पाया खऱ्या अर्थाने बसला तो मात्र पन्नास व साठच्या दशकांत, नवा भार मातीवर पहिल्यांदा आला तेव्हा, आणि त्या काळाचा साक्षीदार कोणताही उपग्रह नाही. त्याचा हिशेब मोजणी खलाशाने धरलेल्या पट्टीवरून वहीत उतरवलेल्या आकड्यांत आहे. शिवाय रडार जे देते ते पहिल्या चित्राला शून्य धरून आणि एखादा बिंदू अचल मानून काढलेले अंतर असते, उंची नव्हे. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवरील आकडा आजही पाणसळीचाच आहे.