चौबगला : जीन्सच्या शहरातील उन्हाळी शिवण

एप्रिल-मे महिन्यांत अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्याच दिवसांत शेजारच्या उल्हासनगरात मात्र शिलाई यंत्रांखालून जीन्सचे ढीग बाहेर पडत असतात. जाड डेनिमचे वजन दर चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या आसपास भरते. तलम मलमल १०० ग्रॅमच्याही आत. स्वतःच्या हवेला न मानवणारा कपडा हे शहर शिवते, ते पोटासाठी.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली गेली. फाळणीनंतर तिच्याच बराकींत सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. घरदार, दुकाने, जमीन सारे सिंधमध्येच राहिले होते. एका खोलीत मावणारे आणि दुसऱ्या दिवसापासून चार पैसे मिळवून देणारे साधन म्हणजे शिलाई यंत्र. निर्वासित स्त्रियांना शिवण शिकवणे हा देशभरातील पुनर्वसनकार्याचाच भाग होता. जीन्स फार पुढची.

या लोकांना उन्हाळा नवा नव्हता. सिंधमधील जेकबाबाद हे उपखंडातील अत्यंत उष्ण शहरांपैकी एक. पण कोरड्या उष्म्यात घाम चटकन वाळतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो. येथे नुसते पातळ कापड पुरत नाही, अंग आणि कापड यांच्यामध्ये वारा खेळावा लागतो. म्हणजे खरा प्रश्न बेतण्याचा.

त्याचे जुने उत्तर चौबगला. बंडी किंवा अंगरखा बहुतांशी सरळ पट्ट्यांतून बेतला जाई, त्यामुळे चिंधी जवळजवळ वाया जात नसे. मात्र सरळ बाही सरळ अंगाला जोडली की काखेत ओढ बसते, हात वर केला की सारा कपडा वर येतो. तेथे एक चौकोनी तुकडा तिरपा बसवत; त्याच्या दोन कडा बाहीला, दोन अंगाच्या बाजूला. ओढ जाते, घाम साचण्याच्या जागीच मोकळीक मिळते, शिवण उसवत नाही. लेंग्याच्या आसनातही हीच युक्ती. चार कोपरे नेमके वळवायला वेळ लागतो. नगावर मजुरी ठरणाऱ्या कारखान्यात तो कोण देणार?

गंमत अशी की डेनिमच्या जातकुळीचे नावही याच मुलखातले. जाड सुती कापडाला इंग्रजीत मिळालेला ‘डंगरी’ हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून आल्याचे व्युत्पत्तिकोश सांगतात. ते खलाशांचे आणि कष्टकऱ्यांचे कापड होते. टिकाऊपणा हाच त्याचा गुण, गारवा नव्हे.

घरच्या शिवणीला टिकाऊपणाची एवढी निकड नसते. अनेकदा धुऊन मऊ झालेल्या धोतराची वा सुती लुगड्याची बाळासाठी झबली होत, ती याच कारणाने. आज कोरे कापड आणून बंडी शिवायची, तर ते आधी भिजवून वाळवावे, कारण सूत आटते. काखेसाठी चार बोटांचा चौकोन मात्र बेततानाच बाजूला काढावा. शेवटी उरलेल्या चिंध्यांत तो सहसा सापडत नाही.